करारात 'प्राणी पाळू नयेत' असं लिहिलंय? भाडेकरूने काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

घरमालकाचा फोन येतो, "तुमच्याकडे कुत्रा आहे म्हणे. करारात चालत नाही हं." भाडेकरू लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं, म्हणजे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाचं पत्रक पुढे पाठवतो. "बघा काका, कायद्याने बंदी घालताच येत नाही." इथेच गाडी रुळावरून घसरते. ते पत्रक सोसायट्यांना उद्देशून आहे. तुम्ही मालकाशी केलेल्या कराराला त्याने धक्का लागत नाही. काका दुखावतात, वकिलाला फोन करतात आणि एका पानाच्या पत्राने मिटलं असतं ते प्रकरण नोटिशीवर जातं. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या किमान पाच-सहा घरांत मी हेच होताना पाहिलं आहे. दोन घरांत शेवटी मांजर गावी पाठवावं लागलं.

म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. तो महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर, राहणाऱ्यांसाठी आहे. पागडीच्या घरांबद्दल वेगळा परिच्छेद पुढे आहे. गोव्यात भाड्याचा १९६८ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या भाडे कायद्याची इथली कलमं तिथे लावू नका.

टप्पा १ : बंदी नेमकी कोणाची, ते आधी ठरवा

"इथे पेट्स अलाउड नाहीत" हे वाक्य तीन वेगवेगळ्या तोंडांतून येतं आणि तिन्हींना उत्तर वेगळं आहे.

पहिली बंदी मालकाची, करारात छापलेली. हा तुम्हा दोघांमधला करार आहे आणि तुम्ही त्यावर सही केली आहे. अशी अट आपोआप रद्द ठरवणारा कायदा महाराष्ट्रात नाही. संविधानाच्या कलम ५१क(छ) मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हटलं आहे. पण त्याच्या जोरावर खासगी मालकाला करारातली अट खोडायला लावता येत नाही.

दुसरी बंदी सोसायटीची, ठरावाने किंवा नोटीस बोर्डावर लावलेली. इथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे. जीवजंतू कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. कुत्र्याचा आकार किंवा जात पाहून बंदी नाही, भुंकतो म्हणून बंदी नाही, लिफ्टसाठी जादा पैसे नाहीत. केरळ उच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२१ मध्ये रहिवासी संघटनांच्या अशा सरसकट बंदीच्या नियमांना बेकायदा ठरवलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांना बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून दाखवता येतो.

तिसरी बंदी कोणाचीच नसते. एजंट म्हणाला, वॉचमन म्हणाला, वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. अशा वेळी "हे कुठे लिहिलंय ते दाखवता का?" एवढंच नम्रपणे विचारायचं. निम्म्या वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

*सावधान :* परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेले सल्ले इथे लावू नका. इंग्लंडमध्ये २०२५ च्या नव्या कायद्याने भाडेकरूला प्राण्याची परवानगी मागायचा हक्क दिला आहे आणि मालकाला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. आपल्याकडे तसं कलम नाही. अमेरिकेतल्यासारखं 'इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल'चं प्रमाणपत्र ऑनलाइन विकत घेऊन मालकाला दाखवणं म्हणजे तर पैसे वाया.

टप्पा २ : करार काढा आणि या चार गोष्टी शोधा

मोबाइलमधली पीडीएफ वरवर चाळून भागत नाही. प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा.

१. *करार नोंदणीकृत आहे का?* सोबत इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन असेल आणि त्यावर दस्त क्रमांक असेल तर नोंदणी झाली आहे. नुसता नोटरीचा शिक्का ही नोंदणी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मात्र नोटरीच्या कागदावर प्राण्यांची अट असेल आणि खाली तुमची सही असेल, तर उलट सिद्ध करायला मालकाला तोच कागद पुरतो. तेव्हा या कलमावर फार उड्या मारू नका.

२. *अटीतले शब्द.* 'पाळू नयेत', 'ठेवू नयेत' आणि 'आणू नयेत' हे सारखे नाहीत. 'आणू नयेत' असेल तर बहिणीचा कुत्रा दोन दिवस सांभाळणंही अटीत सापडू शकतं. 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय' हे शब्द असतील तर दार उघडंच आहे, सरळ टप्पा ५ वर जा. प्राण्यांचा उल्लेखच नसेल तर करारात बंदी नाही.

३. *उपद्रवाचं कलम.* प्राण्यांचा उल्लेख नसला तरी शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे कलम जवळपास प्रत्येक छापील मसुद्यात असतं. मालकाचा वकील मग याच कलमाला धरतो. त्यासाठी खरोखर उपद्रव झाल्याचं दाखवावं लागतं. घरात मांजर आहे एवढ्याने उपद्रव होत नाही.

४. *रद्द करण्याचं कलम.* अटीचा भंग झाला तर किती दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येतो? बऱ्याच मसुद्यांत एक महिना असतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, टप्पा ७ मध्ये लागेल.

*तपासा :* करारावर मालक एक आहे की दोन? नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर परवानगी दोघांची हवी. मुलाच्या नावावर फ्लॅट आणि व्यवहार वडील बघतात, असं असेल तर वडिलांकडे कुलमुखत्यारपत्र आहे का ते विचारा.

टप्पा ३ : सही अजून व्हायची असेल तर

ज्यांचा करार अजून झालेला नाही त्यांच्यासाठी खरी संधी इथेच आहे. भाडेकरूचं वजन सही करण्यापूर्वी सर्वांत जास्त असतं, आणि बहुतेक जण नेमकं याच वेळी गप्प बसतात.

प्रत्यक्षात काय होतं ते आठवा. एजंटचा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. टेबलावर चहाचे कप असतात. मालकांना पुढे कुठेतरी जायचं असतं. "इथे अंगठा ठेवा, वर कॅमेऱ्यात बघा" असं करत दहा मिनिटांत सगळं उरकतं. मसुदा कोणी वाचलेला नसतो. प्राण्यांची अट त्यात मालकाने मुद्दाम घातलेलीही नसते, एजंटच्या जुन्या फाइलमधून ती तशीच उतरलेली असते. माझ्या स्वतःच्या एका करारात अशीच ओळ निघाली. विचारल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, मला माहीतही नव्हतं. काढून टाक ना." मसुदा आदल्या दिवशी वाचला होता म्हणून ते जमलं. अंगठा दिल्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी नवा दस्त करावा लागला असता.

म्हणून क्रम असा ठेवा :

१. घर बघायला जाल तेव्हाच प्राण्याबद्दल सांगा, आणि एजंटला सोडून थेट मालकाला सांगा. "काका, आमच्याकडे एक मांजर आहे, तीन वर्षांची. तुमची हरकत नाही ना?" एजंटला घर लावायची घाई असते, तो "चालतंय हो" म्हणून मोकळा होतो आणि मालकाला काही कळवत नाही.

२. टोकन देण्यापूर्वी मालकाचा होकार मेसेजवर घ्या. टोकन दिल्यावर बोलणी अवघड होतात.

३. मसुदा किमान दोन दिवस आधी मागा. बंदीची ओळ काढून घ्या आणि तिच्या जागी परवानगीची ओळ घालून घ्या. नुसती ओळ काढून थांबू नका, कारण उपद्रवाचं कलम शिल्लक राहतं. अतिरिक्त अटींमध्ये असं काहीतरी घालता येईल :

> परवाना घेणार यांच्याकडे एक पाळीव मांजर (देशी, मादी, वय सुमारे ३ वर्षे, नसबंदी झालेली) आहे. ते सदर जागेत ठेवण्यास परवाना देणार यांची संमती असून ही संमती कराराच्या संपूर्ण मुदतीसाठी आहे. मांजरामुळे जागेचे किंवा सामानाचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिलानुसार अनामत रकमेतून वळता करता येईल.

शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःहून द्या. मालकाची भीती बहुतेक वेळा अगदी ठरावीक असते : लाकडी दारावर नखांचे ओरखडे, फाटलेली मच्छरजाळी, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या प्लायवूडला मुरलेला मुताचा वास. या तीन गोष्टींचं उत्तर तुमच्याकडे तयार असेल तर बोलणं निम्मं झालं.

४. मालक जादा अनामत मागत असेल तर रक्कम करारातच दाखवा. "ती वेगळी रोख द्या" याला तयार होऊ नका, सोडताना तिचा पुरावा राहत नाही. मुद्रांक शुल्क वाढेल ही सबब तर मुळीच मानू नका. मुद्रांक ०.२५ टक्के दराने लागतो आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या बाबतीत तो तिच्यावरच्या वार्षिक १० टक्के मानीव व्याजावर मोजतात. अनामत वीस हजारांनी वाढली तर ११ महिन्यांच्या करारात फरक पाच रुपयांच्या आसपास पडतो.

*सावधान :* प्राणी लपवून घर घेऊ नका. आठवड्याभरात वॉचमनला कळतं, महिन्याभरात मालकाला. मग अटीचा भंग एवढाच मुद्दा राहत नाही, विश्वास गेलेला असतो, आणि पुढच्या टप्प्यांतलं काहीही मग सहज होत नाही.

टप्पा ४ : प्राण्याची फाइल तयार करा

मालकाशी किंवा सोसायटीशी बोलण्यापूर्वी एक पातळ फाइल हाताशी ठेवा. तिच्यात :

- रेबीजच्या लसीसह सगळ्या लसींची नोंदवही, शेवटची तारीख चालू असलेली
- कुत्रा असेल तर महापालिकेचा परवाना, नूतनीकरण केलेला
- नसबंदीचं प्रमाणपत्र
- आधीच्या घरमालकांचं दोन ओळींचं पत्र, की घर सोडताना काही नुकसान नव्हतं. याचा उपयोग बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त होतो
- घर ताब्यात घेतलं त्या दिवशीचे फोटो : दारं, खिडक्यांच्या जाळ्या, सोफा, फरशी

*सावधान :* घरात पोपट किंवा तारा कासव असेल तर इथेच थांबा. आपल्याकडचा हिरवा मिठू आणि तारा कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत, ते घरात ठेवणं हाच गुन्हा आहे. त्यासाठी मालकाकडे लेखी परवानगी मागणं म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः लिहून देणं. आधी वनविभागाशी बोला.

टप्पा ५ : करार चालू असताना परवानगी मिळवणं

करारात बंदी आहे आणि आता पिल्लू घरी आणायचं आहे, किंवा पावसात भिजलेलं मांजर आलं आणि राहिलं. दुसरा प्रकार जास्त होतो.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे तोंडी होकारावर विसंबणं. "काका फोनवर हो म्हणाले होते" हे वाक्य नोंदणीकृत करारासमोर जवळपास निरुपयोगी आहे. लेखी आणि नोंदणीकृत कराराच्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्या, असं सिद्ध करायला पुरावा कायदाच परवानगी देत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ९२ मध्ये होतं, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये ते कलम ९५ आहे. काका प्रामाणिक असतील, उद्या मात्र त्यांचा मुलगा व्यवहार बघायला लागला की त्याच्या हातात फक्त करार असणार.

तर असं करा :

१. आधी फोन करा किंवा भेटा. एकदम पत्र पाठवलं तर माणसं बिचकतात.

२. त्याच दिवशी लेखी पाठवा. मजकूर एवढाच पुरे :

> आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे, दिनांक अमुकच्या करारातील अट क्रमांक अमुक असूनही माझ्याकडील एक मांजर सदर फ्लॅटमध्ये ठेवण्यास आपण संमती द्यावी, ही विनंती. लसीकरणाची प्रत सोबत जोडली आहे. नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च मी देईन. संमती असल्यास या पत्राच्या प्रतीवर सही करून परत द्यावी.

३. सही असलेली प्रत मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके" काहीच नसण्यापेक्षा बरा. पण तो हाती आला म्हणून थांबू नका.

४. मुदत बरीच शिल्लक असेल, समजा २० महिने, तर पूरक करार करून तो नोंदवून घ्या. खर्च तुम्ही करा, तो मालकावर टाकलात तर काम लांबतं. दोन-तीन महिनेच उरले असतील तर सहीच्या पत्रावर भागवून नव्या करारात ओळ घाला.

*तपासा :* नूतनीकरणाच्या वेळी एजंट जुना मसुदा जसाच्या तसा काढतो. मागच्या वर्षीची परवानगी नव्या करारात आपोआप येत नाही. दर वेळी नव्याने वाचा. आणि मधेच फ्लॅट विकला गेला तर नव्या मालकावर जुना परवानाच बंधनकारक राहत नाही (सुखाधिकार कायदा १८८२, कलम ५९), मग त्यातली परवानगी तरी कशी राहील? विक्रीची कुणकुण लागताच नव्या मालकाशी बोला.

मालकाने स्पष्ट नकार दिला तर? करारात बंदी असताना तो त्याचा अधिकार आहे. मुदत संपेपर्यंत प्राणी नातेवाइकांकडे ठेवायचा, की नोटीस देऊन दुसरं घर शोधायचं, हे तेव्हाच ठरवा. करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, असेल तर त्याची तारीख बघून ठरवा.

टप्पा ६ : मालक तयार, सोसायटी नाही

इथे एक गोष्ट बहुतेक भाडेकरूंच्या लक्षात येत नाही : सोसायटीचा सभासद मालक आहे, तुम्ही नाही. फार तर तुम्ही नाममात्र सभासद असता, मताचा अधिकार नसलेले. त्यामुळे सेक्रेटरीला तुम्ही कितीही पत्रं लिहिलीत तरी ती फाइलमध्ये पडून राहतात. तेच पत्र मालकाच्या सहीने गेलं की उत्तर द्यावं लागतं.

म्हणून पत्र तुम्ही लिहा, सही मालकाची घ्या. त्यात ठरावाची प्रत मागा, २०१५ च्या सूचनांचा उल्लेख करा आणि लसीकरणाच्या प्रती जोडा. सोसायटीच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवा. उत्तर आलं नाही किंवा त्रास सुरू राहिला तर मालकाने उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करायची. मुंबईत हे कार्यालय वॉर्डनिहाय आहे.

त्याच वेळी सोसायटीला जे मागण्याचा हक्क आहे ते बिनतक्रार द्या. जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा, खाली घाण झाली तर लगेच उचलणं, बागेच्या ठरवलेल्या वेळा पाळणं. मंडळाच्या सूचना जादा शुल्क आणि दंडाला विरोध करतात, पण स्वच्छतेची आणि पट्ट्याची विनंती सोसायटी करू शकते असंही सांगतात. रात्री दोन वाजता कुत्रा भुंकत असेल आणि शेजारी तान्हं बाळ असेल, तर पत्रक काढून दाखवू नका. जा, बोला, कुत्र्याची झोपायची जागा त्या भिंतीपासून हलवा.

*सावधान :* ती सूचनापत्रं मंडळाची आहेत, संसदेने केलेला कायदा नाहीत. "तुम्हाला जेल होईल" अशी धमकी त्यांच्या आधारे देऊ नका.

टप्पा ७ : नोटीस हातात पडली

१. नोटीस घ्या. परत पाठवू नका. पाकिटासकट जपून ठेवा, त्यावरची तारीख महत्त्वाची आहे.

२. नोटीस कोणत्या कलमावर आहे ते बघा. प्राण्याची अट, उपद्रव, की दोन्ही? उपद्रव म्हटलं असेल तर कधी, कोणाला, काय झालं याचा तपशील उत्तरात मागा.

३. अटीचा भंग दूर करायला मुदत दिली आहे का? दिली असेल तर तेवढ्या दिवसांत एकतर प्राण्याची दुसरीकडे सोय करा आणि तसं लेखी कळवा, किंवा परवानगीच्या अटी पुन्हा मांडा. भंग दूर केला की मालकाची बाजू बरीच सैल पडते.

४. नोटिशीला उत्तर द्याच. लहानसं असलं तरी लेखी, स्पीड पोस्टने.

५. भाडं थांबवू नका. रागाच्या भरात भाडं अडवणारा भाडेकरू मालकाला दुसरं, आणि अधिक भक्कम कारण स्वतःच्या हाताने देतो. बँकेतूनच भरा.

६. प्रकरण पुढे गेलं आणि भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याचं, म्हणजे जागा परत मागणारे असे अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं, समन्स आलं, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ते ३० दिवस गेले तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरून बेदखलीचा आदेश निघू शकतो. हा टप्पा वकिलाशिवाय पार पाडू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

*सावधान :* कराराची मुदत संपल्यावर "कुत्रा ठेवू दिला नाही म्हणून मी जागा सोडत नाही" असं धरून बसू नका. मुदतीनंतर राहिलात तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटला तीन महिने हा हिशेब लावून बघा.

पागडीच्या किंवा जुन्या संरक्षित भाडेकरूंचं गणित वेगळं आहे. तिथे मालकाला कलम १६ मधलं एखादं कारण न्यायालयात सिद्ध करावं लागतं. शेजाऱ्यांना उपद्रव हे त्यातलं एक आहे, त्यामुळे शेजाऱ्यांशी संबंध हाच तिथला खरा कागद.

टप्पा ८ : मालकाने कुलूप बदललं, किंवा प्राण्यालाच हात लावला

अटीचा भंग झाला असला तरी मालकाला स्वतः येऊन सामान बाहेर काढता येत नाही. शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याच्या मार्गानेच काढता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली मुंबईतल्याच एका परवान्याच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

असं काही घडलं तर आधी ११२ वर फोन करा, मग फोटो आणि व्हिडिओ घ्या, मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. तरी नोंद करून घ्यायचा आग्रह धरा. ताबा गेला असेल तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली तो परत मागायला सहा महिन्यांची मुदत आहे. पण अशा प्रकरणात सहा दिवसही थांबू नका, वकिलाकडे जा.

प्राण्याला मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. अशा वेळी पशुवैद्याचा लेखी अहवाल त्याच दिवशी घ्या. दोन दिवसांनी घेतलेल्या अहवालाला किंमत कमी.

आणि हे भाडेकरूंसाठी, कळकळीने : घर जाईल या भीतीने प्राणी रस्त्यावर सोडू नका. घरात वाढलेलं मांजर बाजाराच्या बोळात दोन दिवस तग धरत नाही. ते बंद दाराबाहेर बसून ओरडत राहतं, आणि तो आवाज घरातल्या मुलांच्या कानातून जात नाही. उपाशी मरेल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अजूनही दहा ते पन्नास रुपयेच आहे, याचं वाईट वाटतं. महिन्याभराची नोटीस म्हणजे पोसणारं घर शोधायला महिना हातात आहे. नोटीस मिळाली त्याच दिवसापासून शोधायला लागा.

टप्पा ९ : घर सोडताना

अनामतीवरून होणारी भांडणं शेवटच्या दिवशी सुरू होतात, म्हणून तयारी आठ दिवस आधी.

प्राण्याचा वास तुम्हाला येत नाही, सवय झालेली असते. प्राणी नसलेल्या एखाद्या मित्राला बोलवून घरात फिरवा आणि विचारा. फाटलेली जाळी, दाराचं पॉलिश हे स्वतः करून घ्या. ओळखीच्या सुताराकडून ते मालकाच्या कंत्राटदारापेक्षा स्वस्तात होतं. बिलं ठेवा.

चावी देताना मालकासोबत खोली-खोली फिरा आणि पहिल्या दिवशीचे फोटो मोबाइलवर उघडे ठेवा. ओरखडा आधीपासूनचा असेल तर तिथल्या तिथे दाखवा. कपात होणार असेल तर रक्कम आणि कारण कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. उरलेली अनामत बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला की मग चावी हातात द्या. आणि निघण्यापूर्वी मालकांकडून ते दोन ओळींचं पत्र मागून घ्या, पुढच्या घरी लागेल.